पोपमहाशयांचे पत्र

साराजेव्होत २८ जून १९१४ रोजी ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला आणि पहिले महायुद्ध पेटले, असे आपण शाळेत शिकलो. परंतु खून आणि युद्धघोषणा यांच्यामध्ये पुरता एक महिना होता. त्या महिन्यात जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला. सर्बियाने बहुतेक अटी मान्य केल्या, तरीही २८ जुलैला ऑस्ट्रियाने युद्ध पुकारलेच! मग रशियाने सैन्य जमविले, जर्मनीने ४ ऑगस्टला तटस्थ बेल्जियम तुडविला आणि ब्रिटन रणात उतरले. थांबणे शक्य होते. थांबण्यात मात्र प्रत्येकाला कमीपणा वाटला.

मार्न नदीवर जर्मनांची आगेकूच अडली आणि युद्ध खंदकांत रुतले. १ जुलै १९१६ या एकाच दिवशी सोम येथे ब्रिटनचे १९ हजारांहून अधिक सैनिक पडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दूर मेसोपोटेमियात, कूतच्या वेढ्यात उपासमार सोसून आपल्या मराठा पलटणी तुर्कांच्या कैदेत गेल्या होत्या.

अशा वेळी, १ ऑगस्ट १९१७ रोजी पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी राष्ट्रप्रमुखांना पत्र धाडले: बेल्जियम मोकळा करा, शस्त्रे घटवा, तंटे लवादाकडे न्या. दोन्ही बाजूंना ते शत्रूचे पक्षपाती वाटले. कॅथोलिक देश एकमेकांवर तोफा डागत असता पोपमहाशयांनी तटस्थ राहावे, हेच कित्येकांना रुचत नव्हते. शिवाय १९१५ च्या लंडन येथील गुप्त करारात, शांततेच्या वाटाघाटींत पोपना स्थान देऊ नये, अशी अट इटलीने मित्रराष्ट्रांकडून आधीच मान्य करून घेतली होती. पत्रानंतर तोफा आणखी पंधरा महिने धडधडत राहिल्या.