न झालेल्या युद्धांची शिफारस

एका वाचकाने दुसऱ्याच्या हाती पुस्तक ठेवून ‘हे अवश्य वाच’ असे सांगावे, ही वाचनव्यवहारातली फार जुनी आणि बहुधा निरुपद्रवी रीत होय. परंतु लष्करी थरारकथा आणि युद्धविषयक विज्ञान कादंबऱ्या यांच्या वाट्याला आलेल्या शिफारशींचा इतिहास पाहिला, तर ती तितकीशी निरुपद्रवी राहिलेली दिसत नाही. या पुस्तकांची शिफारस करणाऱ्यांत सरसेनापती होते, वृत्तपत्रांचे मालक होते, राष्ट्राध्यक्षही होते, आणि पुस्तक रंजक आहे एवढेच सांगून ते थांबत नसत. यात लिहिले आहे तसे उद्या घडेल, म्हणून आजच सैन्य वाढवावे, आरमारावर खर्च करावा, परक्या माणसावर नजर ठेवावी, असा त्यांचा आग्रह असे. शिफारस करणाऱ्याचे मत पुस्तक उघडण्याआधीच ठरलेले असे आणि पुस्तक त्याला साक्षीदार म्हणून उपयोगी पडे, हे या दीडशे वर्षांत इतक्यांदा आढळते की तो योगायोग मानणे कठीण जाते.

या रीतीचा आरंभ १८७१ च्या मे महिन्यात, ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’ या ब्रिटिश मासिकात निनावी प्रसिद्ध झालेल्या ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’ या कथेपासून धरता येतो. भावी युद्धकथा, म्हणजे अजून न झालेल्या युद्धाचे ते होऊन गेल्यासारखे केलेले वर्णन, हा प्रकार त्यापूर्वी अगदीच अज्ञात नव्हता. पण प्रशियाने काही महिन्यांत फ्रान्सला धूळ चारल्यानंतर लगेच आलेल्या या कथेने त्याला वाचक मिळवून दिला. पराभवानंतर पन्नास वर्षांनी एक म्हातारा स्वयंसैनिक आपल्या नातवंडांना सांगतो की जर्मन फौजा इंग्लंडच्या किनाऱ्यावर कशा उतरल्या, सरे परगण्यातल्या डॉर्किंग गावापाशी अर्धवट शिकलेल्या इंग्रजी पलटणींची कशी दाणादाण उडाली आणि साम्राज्य कसे हातचे गेले. कथेतल्या पराभवाचे एक कारण असे की भारतात उठाव झाल्यामुळे मुळातच लहान असलेल्या सैन्याचा काही भाग तिकडे गुंतून पडला होता. लेखक जॉर्ज चेस्नी हा बंगाल इंजिनिअर्स या दलातला अधिकारी होता, १८५७ मध्ये दिल्लीच्या वेढ्यात तो जबर जखमी झाला होता, भारताच्या बांधकाम खात्यासाठी अभियंते घडवणाऱ्या कूपर्स हिल येथील महाविद्यालयाचा तो पहिला प्रमुख झाला आणि पुढे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात लष्करी सभासद म्हणून बसला. दुसऱ्याचा देश जिंकून बसलेल्या सैन्यातल्या माणसाला आपला देश जिंकला गेल्याचे चित्र इतक्या बारकाईने रंगवता यावे, यात नवल मानण्याचे कारण नाही; पराभूत शहर कसे दिसते हे त्याने जवळून पाहिले होते.

कथा स्वतंत्र पुस्तिकेच्या रूपाने निघाली आणि तिच्या ८० हजारांहून अधिक प्रती अल्पावधीत खपल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी व्हिटबी येथील भाषणात या कथेचे नाव घेऊन, असल्या घबराटीने देशाचे हसे होते आणि खजिन्याला भुर्दंड बसतो, अशा आशयाची टीका केली. सरकारने ज्या कथेची दखल घेतली तीत काही तथ्य असलेच पाहिजे, असे पुष्कळांना वाटले असल्यास ते स्वाभाविक होते. निषेध हाही शिफारशीचाच एक प्रकार ठरतो, हे प्रकाशकांना या प्रकरणातून पुरते उमगले असावे. कारण त्यानंतर उत्तरादाखल, विडंबनादाखल आणि निव्वळ नक्कल म्हणून लिहिलेल्या पुस्तिकांची रीघ लागली.

पुढचा टप्पा अधिक उघडपणे व्यापारी होता. १९०६ मध्ये ‘डेली मेल’ या दैनिकात विल्यम ल क्यू याची ‘द इन्व्हेजन ऑफ १९१०’ ही कादंबरी क्रमशः येऊ लागली, तेव्हा दैनिकाचे मालक लॉर्ड नॉर्थक्लिफ यांनी जर्मन फौजेचा मार्ग बदलायला लावला, असे सांगितले जाते. लष्करीदृष्ट्या सोयीची पण विरळ वस्तीची खेडी वगळून, जिथे दैनिकाचा खप वाढण्याची आशा होती अशा गावांवरून ती फौज नेण्यात आली. जाहिरातीसाठी प्रशियन गणवेश आणि टोकदार शिरस्त्राणे घातलेली माणसे लंडनच्या रस्त्यांवरून फिरवली गेली. या सगळ्या तमाशाला प्रतिष्ठा दिली ती फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या पत्राने, जे पुस्तकाच्या आरंभी छापलेले होते. कानपूर येथे जन्मलेले, १८८० मध्ये काबूलहून कंदाहारकडे केलेल्या कूचामुळे नावाजलेले आणि १८८५ ते १८९३ या काळात भारताचे सरसेनापती राहिलेले रॉबर्ट्स तेव्हा सक्तीच्या लष्करी शिक्षणासाठी झटणाऱ्या ‘नॅशनल सर्व्हिस लीग’ या संघटनेचे अध्यक्ष होते. कादंबरी साहित्य म्हणून कशी आहे, हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्हताच. ती सुमार आहे, आणि आज ती वाचताना शहरांच्या, पुलांच्या आणि रेजिमेंटांच्या नावांची लांबलचक जंत्री तेवढी लक्षात राहते. परंतु आपले गाव त्या जंत्रीत आहे का हे पाहण्यासाठीच लोक ती विकत घेत होते.

ल क्यूचे १९०९ चे ‘स्पाइज ऑफ द कायझर’ हे पुस्तक याहून दूर पोहोचले. जर्मन हेरांनी इंग्लंड पोखरले आहे असे सांगणाऱ्या या कल्पित कथा वाचून वाचकांनी आपापल्या गावातले न्हावी, वेटर आणि सायकलवरून हिंडणारे परदेशी पाहुणे यांच्याविषयी संशयाची पत्रे पाठवली. युद्ध खात्यातले कर्नल जेम्स एडमंड्स यांनी सरकारी समितीपुढे हेरांच्या धोक्याविषयी जी माहिती मांडली, तीत अशा सांगोवांगीचा भरणा मोठा होता, आणि त्याच वर्षी गुप्तसेवा विभाग स्थापन झाला, ज्याच्या दोन शाखांतून आजच्या एमआय५ आणि एमआय६ या संस्था वाढल्या. एका सुमार लेखकामुळेच त्या जन्मल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्याच्या वाचकांची पत्रे त्या कागदपत्रांत मिसळली होती हे नाकारता येत नाही.

याच्या तुलनेत अर्स्किन चाइल्डर्स याची १९०३ ची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ ही कादंबरी सर्वच अर्थांनी सरस आहे. दोन इंग्रज तरुण एका लहानशा शिडाच्या होडीतून जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरची वाळूची बेटे आणि भरती-ओहोटीच्या वाटा धुंडाळतात आणि तिथे चाललेली स्वारीची तयारी शोधून काढतात, एवढेच तिचे कथानक. पण नकाशे, वारे आणि पाण्याची खोली यांचे तपशील इतके खरे होते की नाविक दलातले अधिकारीही ती गांभीर्याने वाचत. १९१० मध्ये त्याच किनाऱ्याची टेहळणी करताना ब्रँडन आणि ट्रेंच हे दोन ब्रिटिश अधिकारी पकडले गेले आणि लाइपत्सिग येथील खटल्यात ब्रँडनने ही कादंबरी आपण तीनदा वाचल्याचे सांगितले.

शिफारशीचा अधिकार तज्ज्ञांना दिला म्हणजे न्याय होतो, असेही दिसत नाही. जुलै १९१४ मध्ये ‘स्ट्रँड’ मासिकाने आर्थर कॉनन डॉयल याची ‘डेंजर!’ ही कथा छापली, जिच्यात एक चिमुकले राष्ट्र अवघ्या आठ पाणबुड्यांच्या बळावर ब्रिटनकडे धान्य आणणारी व्यापारी जहाजे बुडवून त्याला शरण आणते. मासिकाने कथेबरोबर आरमारी तज्ज्ञांचे अभिप्रायही दिले आणि त्यांपैकी बहुतेकांनी ही कल्पना झिडकारली. निःशस्त्र व्यापारी जहाजांवर कोणतेही सुसंस्कृत राष्ट्र पाणतीर सोडणार नाही, असे एका अॅडमिरलचे मत पडले. फेब्रुवारी १९१५ मध्ये जर्मनीने ब्रिटनभोवतीचा समुद्र युद्धक्षेत्र म्हणून जाहीर केला आणि नेमके तेच सुरू झाले. डॉयल हा वैद्यकीचे शिक्षण घेतलेला गोष्टीवेल्हाळ लेखक होता, त्याला पाणबुडीच्या रचनेत फारसे कळत नव्हते. मात्र धान्यासाठी समुद्रावर अवलंबून असलेल्या बेटाची उपासमार कशी होईल, हा हिशेब त्याने तज्ज्ञांपेक्षा नीट मांडला होता.

विज्ञान कादंबरीच्या बाबतीत शिफारशीचा मार्ग काहीसा निराळा आहे, कारण तिथे पुस्तक सेनापतीकडे न जाता पुष्कळदा शास्त्रज्ञाकडे गेले. एच. जी. वेल्स याने १९१४ च्या ‘द वर्ल्ड सेट फ्री’ या कादंबरीत अणुबाँब हे नाव आणि ती कल्पना दोन्ही वापरली. भौतिकशास्त्रज्ञ लिओ झिलार्ड याने ती १९३२ मध्ये वाचली, आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्याला शृंखला अभिक्रियेची, म्हणजे एका अणुकेंद्राच्या भंगातून सुटलेल्या न्यूट्रॉनांनी पुढची केंद्रे भंगत जाण्याची, कल्पना सुचली, तेव्हा तिचे परिणाम काय होतील हे त्याला त्या पुस्तकामुळे आधीच ठाऊक होते. म्हणूनच आपले पेटंट गुप्त राहावे यासाठी त्याने ते ब्रिटिश आरमार खात्याच्या स्वाधीन केले. उलट मार्च १९४४ मध्ये ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकन मासिकात क्लीव्ह कार्टमिल याची ‘डेडलाइन’ ही कथा आली, तेव्हा तिच्यातले युरेनियम बाँबचे वर्णन पाहून लष्करी गुप्तहेर चौकशीसाठी संपादक जॉन कॅम्पबेल याच्या दारात उभे राहिले. ते सारे तपशील प्रसिद्ध शास्त्रीय लेखांतून घेतलेले आहेत, असे त्याने त्यांना पटवले.

दुसऱ्या महायुद्धानंतर या परंपरेचे केंद्र अमेरिकेत सरकले, आणि तिचा सर्वांत बोलका प्रसंग टॉम क्लॅन्सी या मेरीलँडमधल्या विमा व्यावसायिकाशी निगडित आहे. त्याची ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’ ही पहिलीच कादंबरी १९८४ मध्ये अॅनापोलिस येथील नेव्हल इन्स्टिट्यूट प्रेसने काढली. नौदल अधिकाऱ्यांच्या व्यावसायिक संस्थेची ही प्रकाशनशाखा तोवर आरमारी इतिहास आणि नौकानयनाची पुस्तके छापत असे. नवी कादंबरी तिने कधी छापली नव्हती, आणि लेखकाला तिने अवघे ५ हजार डॉलर आगाऊ दिले. सोव्हिएत कप्तान आपली जवळपास निःशब्द चालणारी पाणबुडी घेऊन अमेरिकेकडे पळतो, ही मध्यवर्ती कल्पना १९७५ मध्ये ‘स्तोरोझेवॉय’ या सोव्हिएत युद्धनौकेवर झालेल्या बंडावरून सुचलेली होती. तंत्र-थरारकथा या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या प्रकारात, म्हणजे ज्या कथेत पात्रांच्या स्वभावापेक्षा यंत्रांच्या क्षमतेवर उत्कंठा टांगलेली असते त्या प्रकारात, हे पुस्तक आदर्श मानले जाते, आणि त्यातली माणसे पुठ्ठ्याची असली तरी सोनार यंत्रावर कान लावून बसलेल्या खलाशाची प्रकरणे आजही श्वास रोखायला लावतात. पुस्तक अध्यक्ष रॉनल्ड रेगन यांच्याकडे भेट म्हणून पोहोचले, त्यांनी त्याची जाहीर स्तुती केली, आणि एका लहान प्रकाशनसंस्थेची कादंबरी देशभरच्या विक्रीयाद्यांत चढली.

रेगन एवढ्यावर थांबले नाहीत. क्लॅन्सीची दुसरी कादंबरी ‘रेड स्टॉर्म रायझिंग’ १९८६ मध्ये आली. तेलटंचाईत सापडलेला सोव्हिएत संघ पश्चिम युरोपवर चाल करून जातो, हा तिचा विषय. तिच्या रचनेत लॅरी बाँड हा सहभागी होता, ज्याने ‘हार्पून’ नावाचा आरमारी युद्धाचा पटावरचा खेळ तयार केला होता, आणि कादंबरीतल्या काही लढाया या खेळाच्या नियमांनी आधी खेळून पाहिलेल्या होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेक्याविक येथे सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्याशी दोन दिवस वाटाघाटी करून परतल्यावर रेगन यांनी ब्रिटिश पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना दूरध्वनीवरून ही कादंबरी वाचण्याचा सल्ला दिला, कारण सोव्हिएतांचे हेतू आणि डावपेच तीत चांगले उतरले आहेत असे त्यांचे मत होते. या संभाषणाची नोंद २०१५ च्या अखेरीस ब्रिटिश दफ्तरखान्याने खुली केली. प्रतिपक्षाच्या सर्वोच्च नेत्याशी समोरासमोर बसून बोललेल्या माणसाला त्याचे मन समजावून सांगण्यासाठी एका पटखेळावर बेतलेल्या कादंबरीचा आधार घ्यावासा वाटला, ही बाब कोणत्याही समीक्षेपेक्षा या साहित्यप्रकाराच्या वजनाविषयी अधिक सांगते. त्यावरून वजन कादंबरीचे मोजावे की अध्यक्षांचे, हा प्रश्न मात्र उरतो.

यानंतर शिफारस ही व्यक्तीची राहिली नाही, ती खात्याची झाली. समुद्रमार्गे जाऊन किनाऱ्यावर लढणाऱ्या अमेरिकेच्या मरीन कोअर या दलाचे प्रमुख जनरल आल्फ्रेड ग्रे यांनी १९८९ मध्ये सैनिकांसाठी अधिकृत वाचनयादी सुरू केली, जिच्यात कोणत्या हुद्द्याच्या सैनिकाने काय वाचावे हे ठरवून दिलेले असे, आणि पुढे तिच्यात इतिहास व चरित्रे यांच्या शेजारी रॉबर्ट हाइनलाइन याची १९५९ ची ‘स्टारशिप ट्रूपर्स’ आणि ऑर्सन स्कॉट कार्ड याची १९८५ ची ‘एंडर्स गेम’ या विज्ञान कादंबऱ्याही आल्या. पहिली तिथे शोभते. ती नाविक अकादमीतून पदवी घेतलेल्या आणि क्षयामुळे नोकरी सोडावी लागलेल्या लेखकाने लिहिलेली, पायदळाच्या शिस्तीची जवळजवळ स्तुतिगाथा आहे. दुसरीचे तसे नाही. तिच्यातल्या मुलाला वरिष्ठ अधिकारी शेवटपर्यंत फसवतात, सराव म्हणून खेळायला लावलेल्या लढाईत त्याच्या हातून एक अख्खी जीवजात नष्ट होते, आणि ते खरे युद्ध होते हे त्याला नंतर कळते. असे पुस्तक वरिष्ठांनीच कनिष्ठांना नेमून द्यावे, याचा अर्थ त्यांनी ते फार उदारपणे वाचले असा होतो, किंवा त्यातले डावपेच तेवढे वाचले असा होतो. हाइनलाइनला उत्तर म्हणून पुष्कळदा वाचली जाणारी ‘द फॉरएव्हर वॉर’ ही १९७४ ची कादंबरी व्हिएतनाममध्ये जखमी झालेल्या जो हॉल्डमन याने लिहिली आहे; युद्धावरून परतलेल्या सैनिकाला काळाच्या ओघात आपलाच समाज परका झालेला आढळतो, हे तिचे दुःख असल्यामुळे ती सैनिकांनी एकमेकांना सुचवण्याचे पुस्तक ठरते.

फ्रान्सच्या संरक्षण खात्याने तर शिफारशीची पायरीच ओलांडली. २०२० मध्ये त्याने विज्ञानकथालेखक आणि चित्रकार यांचा ‘रेड टीम’ नावाचा गट नेमला आणि २०३० ते २०६० या काळात फ्रान्सवर कोणती संकटे येऊ शकतील याच्या कथा त्यांच्याकडून लिहवून घेतल्या. त्यांपैकी काही पुस्तकरूपाने बाजारात आल्या. उरलेल्या कथा शत्रूला कल्पना मिळू नये म्हणून गोपनीय ठेवलेल्या आहेत, आणि ज्यांना त्या वाचण्याची मुभा आहे त्यांना त्या इतर कोणाला सुचवता येत नाहीत.