भाषेसाठी परदेश आणि परदेशासाठी भाषा : पुणे परिसरातील निवासाध्ययनाचा इतिहास

पुण्याहून नगर रस्त्याने पूर्वेस जाताना लागणारे वाघोली हे गाव इतिहासाच्या अभ्यासकास पिलाजी जाधवरावांचे गाव म्हणून परिचित आहे. शाहू छत्रपतींच्या काळातील या मातब्बर सरदाराची समाधी वाघेश्वर मंदिराच्या परिसरात आजही पाहावयास मिळते. दगडखाणींसाठी ओळखले जाणारे हे गाव २०२१ साली पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत समाविष्ट झाले. परंतु अभियांत्रिकीची महाविद्यालये आणि त्यांच्या भोवतीची वसतिगृहे यांनी त्याचे रूप त्यापूर्वीच पालटून टाकले होते. येथे व पुण्याच्या इतर भागांत शिकणाऱ्या तरुणांपैकी अनेकजण आज आपल्या मुख्य विषयाबरोबर जर्मन किंवा जपानी भाषेचे वर्ग करतात. परदेशातील उच्च शिक्षण अथवा नोकरी हा त्यामागील हेतू असतो. येथे परदेश हे साध्य असून भाषा हे साधन आहे.

याच्या उलट असाही एक क्रम आहे. त्यात भाषा व संस्कृती यांचे ज्ञान हे साध्य असते आणि परदेशातील वास्तव्य हे साधन असते. ब्रिटिश विद्यापीठांतील आधुनिक भाषांचा पदवी अभ्यासक्रम सामान्यतः चार वर्षांचा असतो व त्यांपैकी एक वर्ष विद्यार्थी ती भाषा बोलणाऱ्या लोकांत घालवितो. या वर्षास प्रस्तुत लेखात निवासवर्ष अशी संज्ञा वापरली आहे. पुणे परिसरास हा दुसरा क्रम अपरिचित नाही. मात्र त्याचा इतिहास तपासला असता असे दिसून येते की, निवासवर्षाचे मूल्य विद्यार्थी किती दूर गेला यावरून ठरत नाही. तेथे मिळविलेली विद्या पुढे कोणत्या संस्थेत व कोणाच्या हाती रुजली, यावरून ते ठरते.

१

पिलाजी जाधवरावांच्या काळी व त्यानंतर मराठी सत्तेस परभाषेचे ज्ञान लागत होते आणि ते दीर्घ निवासातूनच येत होते. दिल्लीच्या दरबारी हिंगणे घराण्यातील वकील आणि हैदराबादच्या दरबारी गोविंदराव काळे यांच्यासारखे मुत्सद्दी वर्षानुवर्षे राहिले. फार्सी लिहिणे व वाचणे एवढ्याने वकिलाचे काम भागत नसे. दरबारातील कोणत्या शब्दास किती वजन आहे, मौनाचा अर्थ काय, भेटीस झालेला उशीर सहेतुक आहे की सहज, हे तेथे राहणाऱ्यासच कळे. परंतु हे ज्ञान राजकारणाच्या कामी खर्च झाले. वकिलाची विद्या त्याच्या पत्रांत राहिली किंवा घराण्यात मुरली; तिचे अध्यापन करणारी शाळा निर्माण झाली नाही. त्यामुळे राज्य गेल्यावर तिचा उपयोगही संपला. आज ती पत्रे इतिहासाची साधने म्हणून वाचली जातात, भाषाशिक्षणाची म्हणून नव्हे.

२

विद्येसाठी परदेशनिवास करून ती विद्या पुण्यात रुजविणाऱ्यांत धर्मानंद कोसंबी यांचे स्थान अग्रभागी आहे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या कोसंबींनी बौद्ध धर्माच्या मुळाशी जाण्याच्या ओढीने घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ असा प्रवास करून १९०२ साली ते सिंहलद्वीपास पोहोचले आणि कोलंबो येथील विद्योदय परिवेणात पालीचे अध्ययन करू लागले. पुढे ब्रह्मदेशातही त्यांचा निवास घडला. पाली ही तेव्हा कोणत्याही समाजाची घरगुती बोली नव्हती. तथापि विहारांतून ती पठणात, प्रवचनात व चर्चेत जिवंत होती. भारतात तिचे ग्रंथ मिळविणेही कठीण होते. अशा स्थितीत ग्रंथ, गुरू आणि तो ग्रंथ ज्या जीवनक्रमाचा भाग आहे तो जीवनक्रम, ही तिन्ही एकत्र सापडणे हेच या निवासाचे खरे फळ होते.

कोसंबींच्या मागे विद्यापीठ नव्हते, शिष्यवृत्ती नव्हती. परत आल्यावर मात्र त्यांच्यापुढे निवडीचा प्रश्न उभा राहिला. कलकत्त्यास अध्यापनाची जागा मिळत असताना त्यांनी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपयांचे साहाय्य पत्करले. महाराष्ट्रात राहून काम करावे, ही त्यामागील अपेक्षा होती. १९१० साली ते हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी गेले आणि परतल्यावर १९१२ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. तेथून पालीच्या अध्यापकांची एक पिढी तयार झाली, पु. वि. बापट हे त्यांतील एक प्रमुख नाव होय. एका व्यक्तीचा निवास परंपरेत परिणत झाला तो या अध्यापनामुळे. कोसंबी कोलंबोस गेले नसते तर पुण्यात पाली या रीतीने आली नसती, हे खरे. परंतु ते पुण्यास परतले नसते तर त्यांचा निवास हा एका असामान्य पुरुषाच्या चरित्रातील एक प्रकरण एवढाच उरला असता, हेही तितकेच खरे.

३

स्वातंत्र्याच्या सुमारास निवासाध्ययनाची जबाबदारी प्रथमच शासनाने अंगावर घेतलेली दिसते. १९४७ साली भारत सरकारने चीनमध्ये पाठविलेल्या विद्यार्थ्यांत व. वा. परांजपे हे होते. पेकिंग विद्यापीठात त्यांनी चिनी भाषेचे अध्ययन केले. चीनमधील सत्तांतर त्यांच्या तेथील वास्तव्यातच घडून आले. पुढे ते परराष्ट्र सेवेत गेले आणि १९५४ च्या नेहरूंच्या चीनभेटीत दुभाष्याचे काम त्यांनी केले. दोन राष्ट्रांच्या नेत्यांमधील संभाषण एका मराठी अभ्यासकाच्या भाषाज्ञानावर काही काळ तोलले गेले, ही घटना निवासवर्षाचे व्यावहारिक महत्त्व दाखविण्यास पुरेशी आहे. तथापि तिचे साम्य कोसंबींपेक्षा हिंगण्यांशी अधिक आहे. विद्या राज्याच्या कामी आली; महाराष्ट्राच्या विद्यापीठीय जीवनात आधुनिक चिनी भाषेची भक्कम परंपरा त्यातून उभी राहिली नाही.

याच काळात १९४९ साली पुणे विद्यापीठाची स्थापना झाली आणि फर्ग्युसन महाविद्यालयाच्या रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूटच्या वास्तूत परकीय भाषांचे अध्यापन स्थिरावले. तिकडे डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली १९५४ पासून रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्याने भाषाविज्ञानाची सत्रे भरू लागली. अमेरिकन भाषावैज्ञानिक पुण्यास आले आणि तरुण भारतीय अभ्यासक अमेरिकेस गेले. अशोक केळकर यांनी १९५८ साली कॉर्नेल विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधाचा विषय मराठीची ध्वनिव्यवस्था व पदव्यवस्था हा होता. मातृभाषेचे आधुनिक पद्धतीने वर्णन करण्यासाठी पुण्याच्या माणसाने सातासमुद्रापलीकडे जावे, हे वरवर पाहता विपरीत वाटेल. परंतु परदेशनिवासाचा हा एक दुर्लक्षित लाभ आहे: दुसऱ्या भाषेच्या सान्निध्यात स्वतःच्या भाषेतील गृहीत गोष्टी प्रश्नरूप धारण करतात. केळकर पुढे डेक्कन कॉलेजात अध्यापक झाले आणि तो लाभ मराठीच्या अभ्यासास मिळाला.

४

यानंतर प्रवाहाची दिशा उलटली व पुणे हेच परदेशी विद्यार्थ्यांच्या निवासवर्षाचे स्थान बनले. या बदलामागील कारणे केवळ विद्याप्रेमाची नव्हती. सोव्हिएत रशियाने १९५७ साली पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यावर अमेरिकेने १९५८ साली राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला व त्यान्वये आशियाई भाषांच्या अध्ययनास मोठे अर्थसाहाय्य मिळू लागले. पब्लिक लॉ ४८० या १९५४ च्या कायद्यान्वये भारतास मिळालेल्या अमेरिकन धान्याची किंमत रुपयांत साठत होती; त्या रुपयांतून १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके अमेरिकन ग्रंथालयांसाठी खरेदी होऊ लागली. मराठी कादंबऱ्या व कवितासंग्रह अशा रीतीने गव्हाच्या मोबदल्यात अमेरिकेस पोहोचले. १९६१ साली नॉर्मन ब्राउन यांच्या अध्यक्षतेखाली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था स्थापन झाली व तिचे भारतातील पहिले केंद्र डेक्कन कॉलेजात होते.

ज्या राजकारणाने हे विद्यार्थी पाठविले, त्या राजकारणाच्या हिशेबात न बसणारे काम त्यांच्यापैकी अनेकांनी केले. एलिनॉर झेलियट यांनी १९६० च्या दशकात पुण्यात राहून डॉ. आंबेडकर व महार समाजाची चळवळ यांवर संशोधन केले. त्यांचा प्रबंध १९६९ साली पूर्ण झाला. त्या काळी पुण्याच्या विद्वद्वर्तुळातही हा विषय संशोधनाच्या केंद्रस्थानी नव्हता. गुंथर सोन्थायमर हे मूळचे कायद्याचे अभ्यासक. परंतु पुणे परिसरातील वास्तव्यात त्यांचे लक्ष धनगरांच्या ओव्यांकडे वळले. त्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या, वाड्या-वस्त्यांवर हिंडून समजावून घेतल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवरील त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. दोघांच्याही बाबतीत विषय पुस्तकातून आलेला नसून निवासातून गवसलेला आहे.

मॅक्सीन बर्नसन यांचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. पुण्याची प्रमाण बोली हीच मराठी, असे मानून शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यास शहरातील सुशिक्षित यजमान घरात आपल्या समजुतीस धक्का देणारे फारसे काही भेटत नसे. बर्नसन यांनी फलटण हे गाव निवडले व तेथील भाषेत जात, शिक्षण आणि वर्ग यांनुसार पडणारे भेद हा प्रबंधाचा विषय केला. १९७३ साली तो पूर्ण झाला. या अभ्यासातून त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो प्रबंधाने सुटणारा नव्हता. ज्या मुलांची घरची बोली शाळेत अशुद्ध ठरते त्यांनी लिहा-वाचायला कसे शिकावे, हा तो प्रश्न होय. त्या फलटणलाच राहिल्या, १९७८ साली त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि मुलांच्या साक्षरतेचे काम उभारले. जाई निंबकर यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेले मराठीचे संदर्भ-व्याकरण व मराठी-इंग्रजी कोश १९७५ साली प्रसिद्ध झाले. एका वर्षाच्या निवासाचे आयुष्यात रूपांतर होणे ही अपवादात्मक गोष्ट होय. परंतु अपवादातूनच नियमाचे स्वरूप स्पष्ट होते.

५

या चार टप्प्यांचा ताळेबंद मांडताना दोन गोष्टींची नोंद केली पाहिजे. पहिली अशी की, जेथे परदेशी अभ्यासक व स्थानिक विद्वान यांनी बरोबरीच्या नात्याने काम केले तेथेच चिरस्थायी साधने निर्माण झाली. बर्नसन व निंबकर यांची पुस्तके हे त्याचे एक उदाहरण, शं. गो. तुळपुळे व अ‍ॅन फेल्डहाउस यांचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला प्राचीन मराठीचा कोश हे दुसरे. तुळपुळे १९९४ साली निवर्तले होते. तरीही कोश पूर्ण झाला, कारण ते काम दोघांचे होते. याउलट जेथे स्थानिक माणूस केवळ माहिती पुरविणारा राहिला तेथे ग्रंथ इंग्रजीत वा जर्मनमध्ये निघाला आणि ज्यांच्याविषयी तो लिहिला त्यांच्या हाती तो उशिरा आला किंवा आलाच नाही.

दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. मराठी शिकण्यासाठी पुण्यास येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याच्या मागे त्याचे विद्यापीठ, त्याच्या देशाचा निधी आणि येथील अध्यापक अशी तिहेरी व्यवस्था उभी राहिली. युरोपातही १९८७ पासून इरॅस्मस योजनेने विद्यार्थ्यांच्या परस्पर देवाणघेवाणीस नियमित रूप दिले. आपल्याकडे परकीय भाषेत पदव्युत्तर पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याचा परदेशनिवास हा सामान्यतः अभ्यासक्रमाचा अंगभूत भाग नाही. शिष्यवृत्ती लाभलेल्या थोड्यांच्याच वाट्यास तो येतो. परिणामी भाषा उत्तम येते, पण ती बोलणाऱ्या समाजाविषयी स्वतंत्र प्रश्न विचारण्याचे बळ क्वचितच येते. सोन्थायमर यांनी धनगरांविषयी जसा ग्रंथ लिहिला, तसा बव्हेरियातील शेतकऱ्यांविषयी वा जपानी खेड्याविषयी मराठीत लिहिला जावा, अशी अपेक्षासुद्धा आपल्या विद्यापीठीय जीवनात रुजलेली नाही. आपण पाहिले जाणारे आहोत, पाहणारे नव्हे, ही स्थिती दुसऱ्या कोणी लादलेली नाही. ती आपल्या अभ्यासक्रमांच्या रचनेतही दडलेली आहे.

यावर परदेशगमनाची साधने नाहीत हे उत्तर अपुरे आहे. फलटणचा अनुभव असे सांगतो की निवासाध्ययनास अंतरापेक्षा वृत्ती अधिक लागते. वाघोलीत खाणीवर काम करणाऱ्यांच्या वस्त्या आहेत. मराठवाड्यातून, विदर्भातून आणि परप्रांतांतून पोटासाठी आलेली माणसे आहेत. त्यांच्या शेजारी परदेशी जाण्यासाठी भाषा शिकणारे विद्यार्थीही राहतात. त्या वस्तीतील बोलीकडे ज्याचे कान लागले आहेत, असा विद्यार्थी उद्या जर्मनीस गेला तर तेथे केवळ नोकरी करून थांबणार नाही. तो तेथून काय लिहून पाठवितो आणि ते वाचण्यास व शिकविण्यास येथे कोणता विभाग सिद्ध असतो, यावरच कोसंबींनी घालून दिलेला क्रम पुढे चालणार की खंडित होणार हे ठरेल.