विंचवाचे बिऱ्हाड : कारवाँ ते कॅराव्हॅन

उर्दूच्या तासाला 'कारवाँ' हा शब्द आला की मी मुलांना त्याचे पुढचे आयुष्यही सांगते. मूळ फारसी शब्द 'कारवान', म्हणजे सोबतीने निघालेला व्यापाऱ्यांचा किंवा यात्रेकरूंचा काफिला. तो रात्री मुक्काम करायचा ती कारवाँसराय. सोळाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत पोचला आणि 'कॅराव्हॅन' झाला. पुढच्या शतकात इंग्रजांनी तो उंटांवरून उतरवला आणि छप्पर असलेल्या मोठ्या घोडागाडीला लावला. एकोणिसाव्या शतकात त्याचे डोके कापून नुसते शेपूट ठेवले : व्हॅन. तुम्ही शाळेत येता त्या व्हॅनचे आजोळ इराणात आहे, असे म्हटले की वर्गात हमखास हशा होतो.

इंग्लंडमध्ये आज कॅराव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे छोटे घर. अमेरिकेत त्यालाच ट्रेलर म्हणतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून हा शब्द मराठी वर्तमानपत्रांतही दिसू लागला. सोबत चकचकीत फोटो, धरणाकाठी मुक्काम, मोकळ्या आयुष्याच्या गप्पा. मला मात्र या घराचा इतिहास दुसऱ्याच कारणासाठी वाचावासा वाटला. 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण आपण ज्याला ठावठिकाणा नाही त्याच्याबद्दल वापरतो, आणि त्यात कौतुक फारसे नसते. तेच बिऱ्हाड खाऊनपिऊन सुखी माणसाने पाठीवर घेतले की त्याचा छंद होतो. हे कधी आणि कसे घडले, याच्या बऱ्यापैकी नेमक्या तारखा सापडतात.

सुरुवात रोमा लोकांपासून करावी लागते. इंग्रज त्यांना 'जिप्सी' म्हणत, कारण ते इजिप्तहून आले असा समज होता. खरे तर ते आपल्याकडून गेले. १७८२ मध्ये योहान रुडिगर या जर्मन अभ्यासकाने भाषेच्या आधारे हे दाखवून दिले. त्यांची रोमानी भाषा ऐकताना कोणाही मराठी माणसाचे कान टवकारतील : पाण्याला पानी, नाकाला नाक, कानाला कान, केसांना बाल. दोन म्हणजे दुई, तीन म्हणजे त्रिन. सातपासून नऊपर्यंतचे आकडे मात्र ग्रीक आहेत. ही माणसे कोणत्या वाटेने गेली आणि कुठे बराच काळ थांबली, हे त्यांच्या मोजणीतच लिहिलेले आहे. इंग्लंडने त्यांचे स्वागत कसे केले? १५३० मध्ये देशाबाहेर काढण्याचा कायदा केला. १५५४ मध्ये, महिन्याहून जास्त राहिलात तर फाशी, असा दुसरा केला.

शेकडो वर्षे हे लोक पालांत राहिले. घोड्याने ओढायचे लाकडी घर, ज्याला ते 'वार्डो' म्हणतात, त्यांच्याकडे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या आसपास. लांबी साधारण दहा फूट. काही वार्डोंवर कमानीवर ताणलेले कापडी छप्पर असे, आपल्या दमणीसारखे. आत शिरल्यावर चूल, बसायला पेटीवजा बाक आणि मागच्या भिंतीला लागून आडवा पलंग. पलंगाखाली सरकत्या दारांचे कपाट, त्यात मुले झोपत. चूल नेहमी गाडीच्या उजव्या अंगाला. इंग्लंडमध्ये गाड्या रस्त्याच्या डावीकडून चालतात आणि कडेच्या झाडांच्या फांद्या डावीकडे येतात, त्यात धुराडे अडकू नये म्हणून. असले शहाणपण कागदावर नकाशा काढून येत नाही, राहून येते.

त्यांच्या घरातली आणखी एक गोष्ट मला फार जवळची वाटली. रोमांमध्ये पाक-नापाकचे नियम कडक आहेत. भांडी धुण्याचे भांडे वेगळे, अंग धुण्याचे वेगळे. चुकून एकात दुसरे झाले तर ते भांडे बाद. जिथे स्वयंपाक आणि झोपणे, तिथे शौचालय तर अजिबात नको. आजच्या कंपन्या चार मीटरच्या ट्रेलरमध्येही शौचालय बसवतात आणि जाहिरातीत ते सगळ्यात वर लिहितात. अनेक रोमा कुटुंबे असा ट्रेलर घेतात आणि त्या खोलीत सामान भरून ठेवतात. ज्यांच्या घरात तहारतचे नियम पाळले जातात, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. जुन्या रिवाजात घरमालक मेला की त्याचा वार्डो जाळून टाकत. दुसऱ्याने त्यात राहायचे नाही.

आता १८८५. गॉर्डन स्टेबल्स हे इंग्रजी आरमारातले निवृत्त स्कॉटिश डॉक्टर, मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून स्वतःसाठी एक कॅराव्हॅन बांधून घेतली आणि तिचे नाव ठेवले 'वाँडरर'. केवळ हौसेखातर फिरण्यासाठी बांधलेली ही पहिली कॅराव्हॅन मानली जाते. सामानासकट वजन दोन टनांच्या आसपास, ओढायला दोन घोडे. सोबत गाडीवान, नोकर, कुत्रा आणि पोपट. नोकराचे काम काय, तर तीनचाकी सायकलवरून पुढे जाऊन समोरून काही येते आहे का ते बघायचे! इंग्लंडच्या दक्षिणेतून निघून स्कॉटलंडपर्यंत १३०० मैल ते फिरले आणि पुढच्या वर्षी पुस्तक लिहिले. लोकांना ते आवडले. १९०७ मध्ये लंडनमध्ये अशा हौशी मंडळींचा कॅराव्हॅन क्लब स्थापन झाला.

स्टेबल्स फिरत होते त्याच दशकात जॉर्ज स्मिथ नावाचे समाजसुधारक ब्रिटिश संसदेत फिरत्या घरांविषयीचे विधेयक यावे म्हणून धडपडत होते. प्रत्येक चाकाच्या घराची नोंदणी, आत शिरून तपासणी आणि मुलांना सक्तीची शाळा. ते विधेयक पुन्हा पुन्हा आले आणि पुन्हा पुन्हा पडले. शिक्षिका म्हणून मला स्मिथ यांच्यावर धड रागावताही येत नाही. दिवाळीनंतर माझ्या वर्गातली काही मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात, हजेरीपटावर रेघा पडत जातात आणि त्या मुलांना थांबवून घ्यावे असे मलाही वाटते. पण स्मिथ यांच्या मागणीत त्या आयुष्याबद्दलचा तिटकाराही होता. डॉक्टरसाहेबांच्या वाँडररची तपासणी करावी, असे कोणाच्या मनात आले असेल का?

घोडा गेला, मोटार आली. या घराला आजचे रूप मात्र मिळाले ते मंदीच्या काळातल्या अमेरिकेत. डेट्रॉइटचे आर्थर शर्मन हे जीवाणूशास्त्रज्ञ. १९२९ च्या सुमारास त्यांनी सुट्टीसाठी तंबूचा ट्रेलर विकत घेतला. जाहिरात म्हणत होती, काही मिनिटांत उभा राहतो. पावसात तो काही केल्या उभा राहिना. वैतागून त्यांनी स्वतःच घट्ट भिंतींचा, सहा फूट रुंद आणि नऊ फूट लांब ट्रेलर करवून घेतला. बघणारे इतके विचारू लागले की १९३० मध्ये त्यांनी तो मोटारींच्या प्रदर्शनात मांडला. १९३६ पर्यंत त्यांची कंपनी त्या धंद्यात देशात सगळ्यात मोठी झाली होती. त्याच वर्षी वॉली बायम यांनी विमानासारखा अॅल्युमिनियमचा, रिबिटे मारलेला 'क्लिपर' बाजारात आणला, किंमत १२०० डॉलर. त्याचा आकार हॉली बोलस यांच्या १९३४ च्या ट्रेलरवरून घेतलेला होता, आणि बोलस म्हणजे लिंडबर्ग यांचे अटलांटिक ओलांडणारे विमान ज्यांच्या देखरेखीखाली बांधले गेले ते. हलके आणि वाऱ्याला न अडणारे घर बांधायला विमानवालाच पुढे आला, यात नवल नाही.

ज्यांना हेही परवडत नव्हते ते घरीच थेंबाच्या आकाराचा ट्रेलर बनवत. मासिकांत त्याचे नकाशे छापून येत. रुंदी चार फूट, लांबी आठ फूट, कारण प्लायवुडचा तक्ता त्याच मापाचा येतो. आत फक्त दोन माणसांची गादी. मागचे झाकण उचलले की त्याखाली स्वयंपाकाचा ओटा, म्हणजे भाजी चिरणारी व्यक्ती उघड्यावर उभी. फोटोंत ती बहुतेक वेळा बाईच असते.

त्या काळात रॉजर बॅबसन या अर्थतज्ज्ञांनी भाकीत केले होते की वीस वर्षांत निम्मी अमेरिका ट्रेलरमध्ये राहील. तसे झाले नाही, पण भीती पसरायला तेवढे पुरले. ट्रेलरवाला कर भरत नाही, त्याची मुले आमच्या शाळेत येतात, असे म्हणत अनेक शहरांनी ट्रेलर किती दिवस थांबू शकतो यावर बंधने घातली. मग दुसरे महायुद्ध आले. मिशिगनमधल्या विलो रनसारख्या ठिकाणी बॉम्बफेकी विमानांचे प्रचंड कारखाने उभे राहिले, कामगारांना राहायला जागा नाही, तेव्हा सरकारनेच हजारो ट्रेलर विकत घेऊन रांगेने उभे केले. गरज पडली तेव्हा तीच घरे देशभक्तीची झाली.

युद्धानंतर लोक त्यात राहतच राहिले, तेव्हा कारखानदारांनी रुंदी वाढवायला सुरुवात केली. रस्त्याची मर्यादा आठ फुटांची होती, १९५४ मध्ये दहा फुटी घर आले. ते मोटारीमागे ओढून सुट्टीवर नेणे शक्य नव्हते. तिथे वाटा फुटल्या : मोठे ते एका जागी बसले आणि गरिबांचे घर ठरले, छोटे ते फिरत राहिले आणि हौशी माणसाचे ठरले. वॉली बायम यांच्या मंडळींनी तर जगभर तांडे नेले. १९६३ मध्ये सिंगापूरहून निघालेला त्यांचा तांडा भारत, अफगाणिस्तान, इराण ओलांडत पुढच्या वर्षी युरोपात पोचला. त्या सफरीचे नावही कॅराव्हॅन. शब्द आजोळी जाऊन आला म्हणायचा.

छोट्या ट्रेलरमध्ये माझा सगळ्यात आवडता म्हणजे कॅनडाचा 'बोलर'. विनिपेगच्या रे ओलेको यांनी आधी काय बनवले होते, तर फायबरग्लासची सेप्टिक टाकी! दोन अर्धी कवचे, मध्ये जोडलेली, हलकी आणि न गळणारी. त्याच युक्तीने १९६८ मध्ये सँडोर डूसा यांच्यासोबत त्यांनी १३ फुटी ट्रेलर केला. रिकामे वजन साडेचारशे किलोंच्या आसपास, लहान मोटारही ओढेल इतके. लाकडी सांगाड्याच्या ट्रेलरला सांधे फार आणि पाणी सांध्यातूनच शिरते. याला एकच सांधा. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीचे बोलर लोक अजून शोधून घेतात, रंगवतात आणि वापरतात.

असे घर निवडताना लोक आधी आतली सजावट बघतात. जुने जाणते आधी वजन बघतात. कंपनी सांगते ते रिकामे वजन. त्यात पाणी नाही, गॅस नाही, भांडी नाहीत, अंथरूण नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे सरळ शंभर किलो. ब्रिटनमध्ये नवशिक्याला सांगतात की भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका. अमेरिकेत ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार मोटारीच्या जोडावर पडला पाहिजे असा नियम आहे. जड सामान मागे भरले की पुढचा भार कमी होतो, मग वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो आणि मोटारीलाही हलवतो. म्हणजे काय घ्यायचे इतकेच ठरवून भागत नाही, ते कुठे ठेवायचे हेही ठरवावे लागते. आत राहायचे तर दिवसाचे मेज रात्री खाली उतरवून पलंग करायचा, सकाळी पुन्हा मेज. एक उठल्याशिवाय दुसऱ्याला चहा नाही. चाळीत एका खोलीत सात माणसे राहिलेल्या घरांना यात शिकण्यासारखे काही नाही, शिकवण्यासारखे पुष्कळ आहे.

इंग्रजांनी आपल्याकडच्या फिरत्या जमातींना १८७१ च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले. १९११ मध्ये तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट त्याचीच. सुटका झाली ती ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'तले गाढवाच्या पाठीवरचे बिऱ्हाड मराठी वाचकाला माहीत आहे. मायदेशी इंग्रजांनी रोमांसाठी असा एक मोठा कायदा केला नाही, तिथे परवान्यांनी काम भागले. १९६० च्या कायद्याप्रमाणे शेतात कॅराव्हॅन उभी करू द्यायची तर जमीनमालकाला परवाना लागू लागला. शेतकऱ्यांनी दंडाच्या भीतीने रोमांना हाकलले, पिढ्यान्पिढ्यांचे मुक्काम बंद झाले. त्याच कायद्यात कॅराव्हॅन क्लबसारख्या संस्थांना सूट होती : त्यांनी मान्य केलेल्या जागी पाच कॅराव्हॅनपर्यंत परवान्याशिवाय उभ्या राहू शकतात. शेतही तसेच आणि गाडीही तशीच, फक्त सभासदाचे कार्ड हवे.

१९६८ मध्ये रोमांसाठी जागा देणे परिषदांवर बंधनकारक झाले, १९९४ मध्ये ते बंधन काढून टाकले गेले. २०२२ च्या पोलीस कायद्याने, परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर वाहनासह मुक्काम करून, त्रास झाल्यावर सांगूनही न हलणे हा फौजदारी गुन्हा केला. २०२४ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने त्यातला काही भाग मानवी हक्कांशी विसंगत ठरवला. मूळ गुन्हा कायम आहे आणि पोलिसांना वाहन जप्त करण्याचा अधिकारही. त्या कायद्यात 'वाहन' म्हणजे काय हे सांगताना १९६० च्या कायद्यातली व्याख्या उचललेली आहे आणि कॅराव्हॅन त्यात येते. जप्त होणाऱ्या वाहनाच्या आत कपाटाखाली मुलांच्या झोपायच्या जागा असतात.