कचेरीतला कागद, देवघरातली तसबीर

चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने लिहायचे किंवा चितारायचे आणि त्यावरून कागदावर ठसा घ्यायचा, याला शिळाछाप म्हणतात. आलॉयस झेनेफेल्डर याने 1796 च्या सुमारास बव्हेरियात ही पद्धत शोधली. तेल आणि पाणी एकत्र नांदत नाहीत, एवढ्यावरच ती उभी आहे. चित्र काढून झाले की शिळेवर गोंद आणि सौम्य आम्ल फिरवतात, मग ओल्या बोळ्याने ती पुसतात. शाईचा रूळ फिरवला की शाई तेलकट रेघांनाच धरते. कोरीव काम नसल्यामुळे हाताचा बारीकसा कंपही कागदावर जसाच्या तसा उतरतो. काम संपल्यावर शिळा वाळू-पाण्याने घोटून पुन्हा कोरी करतात.

उत्तम शिळा बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या खाणीतून येत. नांदेड-लातूरकडे पायाखाली दगडच दगड आहे, पण तो काळा बेसाल्ट. गढ्या, बुरूज आणि बारवा त्याच्याच. छपाईला तो निरुपयोगी. त्यामुळे शिळाछाप या मुलखात बाहेरूनच आला, आणि दोन वाटांनी आला.

पहिली वाट कचेरीची. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली होती. उर्दूच्या नस्तालीक लिपीतली अक्षरे उतरत्या ओळीत एकमेकांवर रेलतात आणि शेजार बदलला की रूपही बदलतात. अशा लिपीचे सुटे खिळे पाडणे जिकिरीचे होते, म्हणून उर्दू शिळाछापाला चिकटून राहिली. कातिब, म्हणजे सुलेखन करणारा लेखनिक, खळ लावलेल्या पिवळसर कागदावर बोरूने सुलटे लिही. तो कागद शिळेवर दाबला की अक्षरे उलटी उमटत आणि छापताना पुन्हा सुलटी होत. मराठीने मात्र लवकर वाट बदलली. गणपत कृष्णाजी यांनी 1831 मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग काढले, पण पुढे ते स्वतःच खिळ्यांकडे वळले. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी टाइपाला सुबक रूप दिले. त्यामुळे इथल्या साक्षर माणसासमोर दोन तऱ्हेचे छापील कागद येत: सरकारी मजकूर कातिबाच्या हस्ताक्षरात, तर मुंबई-पुण्याहून आलेली मराठी पुस्तके बहुधा खिळ्यांत जुळवलेली.

दुसरी वाट देवघराची, आणि माणसांना खरा लळा लागला तो तिचा. 1878 मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात चित्रशाळा काढली; तिचे रामपंचायतन घरोघरी गेले. 1894 मध्ये राजा रविवर्मा यांनी गिरगावात छापखाना उभारला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. रंगीत चित्रात प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागे. कागद केसभर सरकला तरी देवीचा ओठ गालावर जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद रेल्वे नांदेडवरून धावू लागली आणि 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी लातूरला पोचली. पुण्या-मुंबईच्या मालाला या मुलखाचा रस्ता सोपा झाला.

विकत आणलेले चित्र घरी आल्यावर त्यावर दुसरे काम सुरू होई. अशा सजवलेल्या तसबिरी महाराष्ट्रात आणि बाहेरही जतन झाल्या आहेत. लक्ष्मीचा चेहरा आणि हात तसेच उघडे ठेवायचे. लुगड्याच्या जागी खऱ्या कापडाचा तुकडा चित्रातल्या चुण्यांबरहुकूम कापून चिकटवायचा, काठाला जर लावायची आणि दागिन्यांवर टिकल्या व मणी बसवायचे. आज ज्याला कोलाज म्हणतात तेच हे काम, आणि कलेच्या इतिहासाने त्याला द्यायला हवी होती तेवढी जागा दिलेली नाही. या तसबिरींवर छापखान्याचे नाव असते. कापड चिकटवणाऱ्या हातांचे कुठेच नसते.

त्या चित्रांतला निसर्ग मात्र या मुलखाचा नव्हता. देवीभोवती कमळांचे तळे, हिरवी झाडी आणि दूरवर धूसर पाणी. काळ्या रानातली ज्वारी किंवा उन्हाळ्यात कोरडे पडणारे मांजरा नदीचे पात्र तिथे दिसत नाही. घर आपले आणि चित्रातली भुई परकी, असे हे देवघर होते.

पुढे ऑफसेटने शिळा मागे टाकली. मळवलीचा छापखाना 1972 मध्ये आगीत जळाला. 1981 मध्ये संगणकावर जुळणारे नूरी नस्तालीक आले, तेव्हा उर्दूच्या कातिबालाही पर्याय मिळाला.