गार्सिया, संत गोन्सालो

गार्सिया, संत गोन्सालो : (सु. १५५७ – ५ फेब्रुवारी १५९७). जपानमध्ये कार्य करणारे वसईचे फ्रान्सिस्कन धर्मबंधू, रक्तसाक्षी आणि भारतात जन्मलेले पहिले कॅथलिक संत.

पूर्वायुष्य : त्यांचा जन्म वसईचा. वडील पोर्तुगीज, आई स्थानिक. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडून वसई पोर्तुगिजांना मिळाली आणि पुढे ती त्यांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे बनली. गोन्सालो वसईतच जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली शिकले. १५७२ च्या सुमारास, वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, ते जेझुइटांबरोबर जपानला गेले. तेथे त्यांनी जपानी भाषा आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले. मात्र जेझुइट संघात प्रवेश न मिळाल्याने त्यांनी ते काम सोडून व्यापार धरला व त्यात चांगला जम बसवला. पुढे मनिला येथे व्यापारावर पाणी सोडून ते फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू झाले.

जपानमधील कार्य : १५९३ मध्ये फिलिपीन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे पाठवले. गोन्सालो त्यांचे दुभाषी होते. हिदेयोशीने १५८७ मध्येच धर्मप्रचारकांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम काढलेला होता; तरीही या मंडळींना क्योतोत राहण्याची परवानगी मिळाली. तेथे त्यांनी चर्च, मठ आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उभारली. समाजाने दूर लोटलेल्या या रुग्णांची त्यांनी आपल्या हातांनी शुश्रूषा केली. या कामात गोन्सालो यांचा वाटा मोलाचा होता. दरबारातली बोलणी असोत की रुग्णाची विचारपूस, नवख्या स्पॅनिश फादरांची भिस्त वसईच्या या धर्मबंधूवर असे.

हौतात्म्य : १५९६ च्या ऑक्टोबरमध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील माल जप्त झाला. धर्मप्रचारकांच्या पाठोपाठ स्पेनचे सैन्य येईल, हा हिदेयोशीचा संशय बळावला आणि धरपकड सुरू झाली. नाक-कान कापण्याचा हुकूम होता; प्रत्यक्षात क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. त्यानंतर ऐन हिवाळ्यात, सुमारे महिनाभराच्या वाटचालीने, त्यांना नागासाकीला नेले. तेथील निशिझाका टेकडीवर गोन्सालो यांच्यासह २६ जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी भोसकले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि सतरा जपानी श्रद्धावंत होते. लुईस इबाराकी हा त्यांच्यातला सर्वांत लहान. तो अवघ्या बारा वर्षांचा होता.

सन्मान व स्मारके : १६२७ मध्ये गोन्सालो यांना धन्य घोषित करण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी सर्व २६ जणांना संतपद बहाल केले. निशिझाका येथे १९६२ मध्ये उभारलेल्या स्मारकात शिल्पकार फुनाकोशी यासुताके यांनी सर्वांच्या ब्राँझ प्रतिमा एका रांगेत घडवल्या आहेत. वसई किल्ल्यात गोन्सालो यांच्या नावाचे चर्च असून गासचे चर्च आणि वसईतील महाविद्यालयही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पालघर, बोईसर, तारापूरचा परिसरही त्याच धर्मप्रांतात येतो. परक्या देशाची भाषा मनापासून शिकून तिथल्या सर्वांत उपेक्षित माणसांची सेवा करणारा हा वसईकर साऱ्या पालघर जिल्ह्याचा अभिमान आहे.