विसराळू सर्व्हर आणि त्याचा बिल्ला

संकेतस्थळावर नाव आणि पासवर्ड देऊन आत गेलेल्या माणसाला पुढचे पान उघडताच पुन्हा नाव विचारले जाते, हा अनुभव आता घरोघरीचा झाला आहे. दोष पुष्कळदा पासवर्डाचा नसतो. त्याचे मूळ वेबच्या जन्मकथेतच आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत वेबची कल्पना मांडली, ती माहितीच्या देवघेवीसाठी. पान मागावे, पान मिळावे, की व्यवहार संपला. मागणारा कोण, हे ध्यानात ठेवण्याची तरतूद त्या व्यवहाराच्या नियमांत, म्हणजे एचटीटीपीत, नव्हती. पुढे वेबवर दुकाने थाटण्याचे बेत होऊ लागले, तेव्हा ही उणीव जाणवली. गिऱ्हाइकाने निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर विसरली गेली, तर दुकान चालावे कसे?

१९९४ साली नेटस्केप कंपनीतील तरुण अभियंते लू माँटुली यांनी त्यावर तोड काढली. प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देण्याचा सोपा मार्ग त्यांनी नाकारला. कारण त्यायोगे माणसाचा माग सर्वत्र काढता आला असता. त्याऐवजी प्रत्येक स्थळाने आपापली चिठ्ठी द्यावी आणि ब्राउझरने ती त्याच स्थळाला परत दाखवावी, असे त्यांनी योजले. हीच ‘कुकी’. देवळाबाहेर जोडे सांभाळणारा बिल्ला देतो, तशीच ही रीत. बिल्ल्यावर आकडा तेवढा असतो. जोडे कोठे ठेवले, हे सांभाळणाऱ्याला ठाऊक.

बिघाडाचा शोधही याच वाटेने घ्यावा लागतो. चिठ्ठीची मुदत संपली, ब्राउझरने ती ठेवूनच घेतली नाही, किंवा एका पत्त्यासाठी दिलेली चिठ्ठी दुसऱ्या पत्त्यावर गेली नाही, तर आत आलेला माणूस परका ठरतो. नोंद एका सर्व्हरपाशी आणि मागणी गेली दुसऱ्याकडे, तरी तेच. म्हणून जाणकार क्रमाने पाहतो : चिठ्ठी दिली गेली का, परत आली का, आणि तिची नोंद सापडली का.

बिल्ला ज्याच्या हाती, जोडे त्याचे, हा धोकाही या रीतीत होताच. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी ‘फायरशीप’ नावाचे साधन प्रसिद्ध करून तो उघड केला. अनेक मोठी स्थळे तेव्हा पासवर्ड तेवढा सांकेतिक रूपात नेत. त्यानंतरची चिठ्ठी उघडीच जाई. खुल्या वाय-फायवर शेजारी बसलेला माणूस ती टिपून दुसऱ्याच्या नावाने आत शिरू शके. पुढे सगळी पानेच सुरक्षित मार्गाने नेण्याची प्रथा रूढ झाली.

बंदोबस्त वाढला, तसे नवे अडथळेही आले. फेब्रुवारी २०२० मध्ये क्रोम ब्राउझरने परक्या स्थळावरून निघालेल्या मागणीबरोबर चिठ्ठी पाठविण्यावर निर्बंध घालण्यास आरंभ केला. एप्रिलमध्ये, कोरोनाच्या साथीत बँका, सरकारी सेवा आणि आरोग्यसेवा यांची स्थळे अडू नयेत म्हणून, तो नियम तात्पुरता मागे घ्यावा लागला. जुलैमध्ये तो पुन्हा लागू होऊ लागला. एका लहानशा चिठ्ठीवर किती लोकांची नित्याची कामे अवलंबून आहेत, हे त्या काही महिन्यांनी दाखवून दिले.