कुणब्याची बखर

इतिहास म्हटला की आपल्यापुढे तख्ते, लढाया आणि तहनामे उभे राहतात. कुणब्याच्या घरी दप्तर नव्हते. त्याने आपली बखर म्हणींत साठविली आणि घरच्या म्हाताऱ्यांनी ती तोंडपाठ राखली.

सोलापूरचा मुलूख रब्बीचा. येथे मृग आशा लावतो, पण पोट भरतो तो परतीचा पाऊस. त्याच ओलीवर मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी पेरतात. म्हणून येथल्या माणसाचे डोळे लागतात ते उत्तरा, हस्त आणि स्वाती या नक्षत्रांकडे. ‘पडतील उत्तरा, तर भात खाईना कुत्रा, न पडतील उत्तरा, तर भात मिळेना पितरा.’ भात खरा कोकण-मावळाचा. पण भाकरी खाणाऱ्या सोलापूरकरानेही ही म्हण आपलीशी केली. उत्तरा लागते १३ सप्टेंबरच्या सुमारास आणि पितृपक्षही बहुधा त्याच दिवसांत येतो. तेव्हा पितर काही केवळ यमकासाठी आलेले नाहीत!

पुढे हस्त, म्हणजे शेतकऱ्याचा हत्ती. ‘पडेल हत्ती, तर पडतील भिंती.’ मातीच्या भिंतींची माळवदे ज्याने पाहिली, त्याला अर्थ सांगावा लागत नाही. घर ढासळण्याची धास्ती आणि रान भिजण्याची आस एकाच ओळीत नांदते.

१८७६ साली हा परतीचा पाऊस रुसला. रब्बीची पेरणी बहुतेक झालीच नाही आणि १८७६–७८ चा महादुष्काळ ओढवला. त्याचे आकडे सरकारी कागदांत आहेत. त्याची धग म्हणींत आहे. ‘आडात नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?’ हे आपण आज एखाद्याच्या अकलेविषयी म्हणतो. ज्याने ते प्रथम म्हटले, त्याच्यापुढे खराच कोरडा आड असावा.

पाद्री मॅनवॅरिंग यांनी १८९९ साली मराठी म्हणींचा संग्रह छापला. पुढे दाते आणि कर्वे यांनी ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ सिद्ध केला. तरी कोशात म्हण सापडते, तिच्यामागचे शिवार सापडत नाही. उजनीचे पाणी जेथे पोचले, तेथे ऊस आला आणि नक्षत्रे विसरू लागली. कोरडवाहू रान मात्र अजून आभाळाकडेच पाहते.

स्वाती लागते ती दिवाळीच्याच आगेमागे. ‘पडतील स्वाती, तर पिकतील माणिक-मोती.’ शाळूचे टपोरे पांढरे कणीस हातात घेऊन पाहावे. मोत्यांची उपमा कोठून आली ते कळते. यंदा फराळाला बसाल, तेव्हा घरच्या आजीला अशा चार म्हणी विचारा आणि मुलांकडून लिहवून घ्या. ही बखर आता तोंडी राहण्यासारखी नाही.